पिवळा पॅड

"हा लाल कुणी आणला?"

नानासाहेब ढेकळे काठी रोखून उभे होते. आधी मला वाटलं माझ्यावरच रोखली आहे, मग कळलं की माझ्या हातातल्या मशीनवर, आणि मशीनवरही नाही, त्याच्या तोंडाला चिकटवलेल्या फोमच्या गोल पॅडवर. पॅड लाल होता. तो मी त्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टेकवणारच होते.

"नाना, फोम आहे तो," सत्यादादा म्हणाला. "पॉलिशचा."

"फोम आहे ते दिसतंय मला. लाल का आहे?"

कंपनीने तसा बनवला म्हणून, हे त्याचं खरं उत्तर होतं. पण तालुक्याच्या दूध संघाची निवडणूक आठवड्यावर आली होती आणि खऱ्या उत्तरांचा तो हंगाम नव्हता. नाना संघाचे चेअरमन. त्यांचं पॅनेल पिवळं होतं. टोप्या पिवळ्या, उपरणी पिवळी, प्रचाराच्या टेम्पोवरचा भोंगासुद्धा पिवळा रंगवलेला. समोर हिंदुराव मांगोरेंचं पॅनेल, लाल. नानांच्या घरी टोमॅटोचं सार बंद झालंय, असं त्यांच्या पुतण्याने, रणधीरने, मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. मी विचारलं, "आणि गाजरं?" तर तो खरोखरच विचारात पडला.

"शर्वरी मॅडम, पिवळा पॅड लावा," सत्यादादा म्हणाला.

"पिवळा कटिंगचा, खरवडणारा आहे, दादा."

"मॅडम," त्याने दात दाखवत पण डोळे वटारून म्हटलं, "पिवळा."

एरवी तो मला 'ए शर्वे' म्हणायचा. आमच्या आळीतलाच. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि त्याने हायवेच्या फाट्यावर गाड्या चमकवण्याचा स्टुडिओ काढला होता. 'आमच्याकडे सायंटिस्ट आहे' असं बोर्डावर लिहिता यावं, म्हणून त्याने मला कामावर घेतलं. बोर्डावर माझा फोटोही होता. पांढरा कोट, हातात परीक्षानळी, नळीत निळं पाणी. ती कपड्यांची नीळ होती. पण काम मला मनापासून आवडायला लागलं होतं. इतक्या लोकांना इतकी खात्री आणि इतकी कमी माहिती असलेला विषय मी विद्यापीठातही पाहिला नव्हता.

लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी लावणं. खरं तर ते काढणं असतं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, गाडीची चमक त्या थराची. त्यावर बारीक ओरखडे पडतात. पॉलिश म्हणजे ओरखड्यांच्या आजूबाजूचा थर खरवडून तो सपाट करणं. खरवडलेला थर परत येत नाही. कडक फोमचा पॅड जास्त खरवडतो, मऊ पॅड कमी. म्हणून शहाणा माणूस सगळ्यात मऊ पॅड घेतो, न दिसणाऱ्या एका कोपऱ्यात फिरवून बघतो आणि तेवढ्याने भागत नसेल तरच त्याहून कडक पॅडला हात लावतो. रंगाला काही अर्थ नसतो. आमच्याकडच्या कंपनीचा पिवळा सगळ्यात कडक होता आणि लाल सगळ्यात मऊ. दुसऱ्या एका कंपनीचं बरोबर उलटं होतं.

नानांच्या बॉनेटवर हा थर किती जाड आहे, ते मी जाडीच्या मीटरने मोजलं होतं. जवळजवळ नव्हताच. प्रत्येक सत्काराला निघण्याआधी त्यांचा ड्रायव्हर तिथे कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, लावून घासायचा, आणि नानांचे सत्कार फार. पिवळा पॅड दोनदा फिरला असता तर खालचा रंग जळून पांढरा प्रायमर वर आला असता. आणि आमच्या स्टुडिओचा गाळा दूध संघाचा होता. निवडणूक झाली की त्याचा करार नव्याने व्हायचा होता, सहीला चेअरमन. नानांचं बॉनेट जळालं असतं, तर सत्यादादाचा गाळा आणि माझी नोकरी एकाच दिवशी गेली असती.

मी प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. लाल आणि पिवळा असे दोन्ही पॅड नानांसमोर धरले.

"नाना, अंगठ्याने दाबून बघा."

त्यांनी आधी पिवळा दाबला. मग धोतराला बोट पुसून, नाइलाजाने, लाल.

"हा पिवळा कसा घट्ट आहे," ते मागे वळून म्हणाले. "आपल्यासारखा. आणि हा लाल लिबलिबीत. हात लावला की दबतोय."

मागच्या पिवळ्या टोप्या खदाखदा हसल्या.

"नाना, पण मऊच पॅड पाहिजे. घट्ट लावला तर बॉनेट जळेल."

"जळू दे की हिंदुरावाचं!"

पुन्हा हशा. माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रयोग, जो पूर्ण यशस्वी झाला आणि ज्याचा निष्कर्ष पूर्ण उलटा निघाला.

सत्यादादाने मला हाताला धरून मागे नेलं. "उद्या सकाळी गाडी मोठ्या रॅलीला निघणार. तुला मऊ पाहिजे, त्यांना पिवळा पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"देतो."

सकाळी गेले तर खिडकीच्या गजाला एक पॅड वाळत घातलेला. पिवळाधमक. जवळ गेले आणि मला भूक लागली.

"दादा, याला काकूंनी फोडणी दिलीय का?"

"हळद आहे," तो अभिमानाने म्हणाला. "आईच्या पातेल्यात उकळली, फडक्यातून गाळली. त्यात कंपनीकडून सॅम्पल म्हणून आलेला पांढरा मऊ पॅड बुडवून ठेवला. दाबून बघ."

मी दाबला. मऊ होता. पिवळा होता. दोन्ही अटी पूर्ण. मला त्याचं कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं. चांगल्या चांगल्या संशोधकांना एवढा सोपा मार्ग सुचत नाही.

मग मी बॉनेटकडे पाहिलं. वरून कोरडं दिसत होतं, पण पुढच्या जाळीत आणि बॉनेटच्या फटींत फेस अजून बुडबुडत होता.

"दादा, कशाने धुतलंस हे?"

"त्या कॅनमधल्या कडक साबणाने. जुनं मेण निघायला नको?"

"आणि नंतर साध्या पाण्याने?"

"वेळ कुठंय?"

"दादा, हळदीला साबण लागला की..."

बाहेर हॉर्न वाजले. नाना, रणधीर आणि पिवळ्या टोप्यांनी भरलेल्या दोन जीप शेडमध्ये शिरल्या.

"मॅडम," सत्यादादा मोठ्याने म्हणाला, "सुरू करा!"

नानांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची बॉनेटला अगदी लागून मांडली गेली. त्यांनी नवंकोरं पांढरं धोतर आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, थेट रॅलीला जायचं होतं. रणधीर मोबाइल धरून उभा राहिला. 'विजयरथ सज्ज होताना' असं त्या व्हिडिओचं नाव त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

मी एक कोपरा कोरडा पुसला आणि तेवढ्यावरच पॅड फिरवला.

"तिथंच काय घोटाळतीयस?" नानांनी विचारलं.

"टेस्ट करतेय. आधी कोपऱ्यात बघायचं."

"का?"

"जे कोपऱ्यात कळतं, त्यासाठी सगळी गाडी कशाला खरवडायची?"

"फार शिकलीय पोरगी," नाना मागे बघून म्हणाले. ते कौतुक नव्हतं.

कोपरा छान निघाला. पिवळा पॅड, पिवळसर पॉलिश, त्याखाली आरशासारखा काळा रंग. टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातातल्या फडक्याने फटी पुसायला वाकले, तर नानांची काठी बॉनेटच्या मधोमध आपटली. "पुसत काय बसलीस? इथं घे. रॅली थांबलीय."

मी मशीन तिकडे नेलं. त्याच्या हादऱ्याने फटीतलं साबणाचं पाणी वर आलं आणि पॅडखाली गेलं.

पुढचं फार पटकन झालं. पॅडच्या कडेला नारिंगी रेघ उमटली, नारिंगीची विटकरी झाली आणि विटकरीचा लालभडक चिखल झाला. मी बटणाकडे बोट नेईपर्यंत गरगरत्या पॅडने त्याची एक लांब फवारणी केली. नानांच्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, लाल पट्टा. उपरणं घातल्यासारखा. हिंदुरावांचं.

मशीन थांबलं.

"अरं, लाल झालं की!" मागून एक टोपी म्हणाली.

"व्हिडिओ बंद कर, गाढवा!" नाना रणधीरवर ओरडले. त्याने तो बंद केला, पण आधी बॉनेट नीट टिपून मग नानांचा शर्टही टिपला.

सत्यादादाचा चेहरा कोपऱ्यातल्या पांढऱ्या पॅडच्या रिकाम्या पिशवीसारखा झाला होता. तेवढ्यात दिनकरतात्या पुढे आले. हे नानांच्या पॅनेलमधले सगळ्यात जुने. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवलं, हुंगलं.

"हळद आहे, नाना. आमच्या घरी धुण्यात होतंय असं. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतोय. त्यात अशुभ कायबी नाही."

नानांनी शर्टाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. हा पिवळाच होता?"

"हो. पूर्ण पिवळा."

"मग लाल कधी झाला?"

"साबण लागला त्या क्षणी."

"त्याच्या आधी काही कळत नाही? रंगात जरा फरक, काहीतरी?"

"नाही. दिसायला पक्क्या पिवळ्यासारखाच."

"सगळे पिवळे असे फिरतात?"

"नाही, नाना. फक्त हळदीचे. पक्क्या रंगाला साबणाने काही होत नाही."

"मग कोण पक्का आणि कोण हळदीचा, हे ओळखायचं कसं?"

"साबण लावून."

मी खूश होते. तोंडी परीक्षेत एकाही परीक्षकाने मला इतक्या नीट क्रमाने प्रश्न विचारले नव्हते. नाना मागे वळले आणि एकेका पिवळ्या टोपीकडे, तिच्याखालच्या चेहऱ्याकडे, सावकाश बघू लागले. मला वाटलं, शर्टाचा विचार करतायत.

"पण एका कोपऱ्यातच लावायचा, नाना," मी म्हणाले. "अगदी थोडा."

ते तोवर उठले होते.

नाना जीपनेच रॅलीला निघाले, गाडी दुपारी द्यायची ठरली. जीप फाट्यावरून दिसेनाशा झाल्यावर आम्ही बॉनेट साध्या पाण्याने भरपूर धुतलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि सगळी गाडी लाल पॅडने केली. इतकी सुंदर गाडी मी नंतरही फार कमी वेळा केली. नानांनी ती पाहिली, "बघा, पिवळ्याची चमक," असं म्हणाले आणि गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी रणधीर एकटाच आला. त्याच्या जीपवर धूळ नव्हती, तरी धुवायची म्हणाला. त्याला बोलायचं होतं.

"शर्वरी, त्या दिवशी तू नानांना काय सांगितलंस?"

"हळदीचं. का?"

"त्यांनी साबण लावला."

"कशाला?"

"आमच्या माणसांना."

नानांनी मेहुणीच्या गावाकडचा, इकडे कुणी ओळखत नाही असा एक माणूस बोलावून घेतला होता. त्याला लाल उपरणं दिलं आणि आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरी पाठवलं. निरोप असा, की मी हिंदुरावांकडून आलोय, आमच्याकडे या, तुम्हाला स्वीकृत संचालक करतो.

"कुणाच्या घरी पाठवला?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या? एखाद्याला आधी विचारून बघायचं ना!"

"नाना म्हणाले, एकसुद्धा हळदीचा राहता कामा नये."

मी हातातला पाइप बंद केला. "मग काय निघालं?"

"सगळे म्हणाले, विचार करून सांगतो."

"सगळे?"

"दिनकरतात्या सोडून. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला, आणि नानांची साथ सोडणार नाही म्हणून परत पाठवला."

"म्हणजे तात्या पक्के निघाले."

"छे. तात्यांना पहिलं काढलं. लाल उपरण्याला चहा का पाजला म्हणून."

"आणि बाकीचे?"

"त्यांनाही बूथवरून काढलं. उद्या बूथवर मी आहे, ड्रायव्हर आहे आणि तो मेहुणीच्या गावचा माणूस." रणधीरने इकडेतिकडे बघितलं. "खरी गंमत पुढेच आहे. ज्यांना ज्यांना निरोप गेला त्यांनी हिशेब मांडला, की हिंदुराव एवढ्या लोकांना पद वाटतायत म्हणजे त्यांचं पॅनेल आलंच. काल रात्रीच सगळे आपणहून तिकडं गेले. म्हणाले, तुमचा निरोप मान्य आहे."

"हिंदुरावांना काही माहीत होतं?"

"कसलं काय. त्यांना कळेचना कुठला निरोप."

"मग काय म्हणाले?"

"या म्हणाले."

आमच्या प्रयोगशाळेत अशी एक तपासणी असते, जिच्यात नमुना संपतो. काडेपेटीतल्या काड्या चांगल्या आहेत का, हे प्रत्येक काडी ओढून बघितलं की नक्की कळतं. आज मी ज्या रंगाच्या कारखान्यात काम करते, तिथे नवीन येणाऱ्या मुलांना मी हेच उदाहरण देते. नानांचं देत नाही. मुलांना ते खोटं वाटतं.

पिवळं पॅनेल पडलं. नाना त्यांच्या स्वतःच्या गावात पडले. निकालाच्या दिवशी त्यांची गाडी फाट्यावरून एकटीच घराकडे गेली. मागेपुढे कुणी नव्हतं, त्यामुळे तिच्यावर गुलालाचा कण नव्हता, आणि उन्हात बॉनेट असं चकाकत होतं की सत्यादादाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग त्याला करार आठवला आणि तो खाली बसला.

"संपलं, शर्वे. आपण नानांची गाडी केलेली सगळ्या तालुक्याने बघितलीय. रणधीरने व्हिडिओ टाकला होता."

"कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"लाल होतानाचा की आधीचा?"

त्याने मोबाइल काढला. रणधीरने लाल होतानाचाच टाकला होता. खाली लिहिलं होतं: परिवर्तन. तेव्हा मला कळलं की तोही हळदीचाच होता, फक्त त्याच्याकडे साबण घेऊन कुणी गेलं नव्हतं. घरातलाच म्हणून नानांनी त्याला वगळलं होतं.

चार दिवसांनी हिंदुराव मांगोरे आले. पांढरी गाडी गुलालाने माखलेली, आणि कार्यकर्त्यांनी प्रेमाने कोरड्या फडक्यांनी पुसलेली. गुलालात बारीक खडे असतात. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठले होते. हिंदुरावांच्या मागे लाल टोप्यांचा घोळका होता. टोप्या नव्या होत्या, पण त्यांच्याखालचे चेहरे मी ओळखत होते. त्या दिवशी 'घट्ट आहे, आपल्यासारखा' यावर हसलेले एकूण एक. फक्त दिनकरतात्या नव्हते.

मी लाल पॅड काढला. हिंदुरावांचे डोळे चमकले.

"वा! आपला रंग. आमच्यासाठी मुद्दाम आणला?"

"हो साहेब," सत्यादादा मी तोंड उघडायच्या आत म्हणाला. "खास."

त्यांनी तो अंगठ्याने दाबला. "मऊ आहे हो."

"सगळ्यात मऊ," मी म्हणाले.

"बघा रे," ते मागे वळून म्हणाले, "लाल म्हणजे मऊ. गोरगरिबांचा. तो पिवळा कसा दगड होता." टोप्या हसल्या. अगदी तसंच हसल्या.

हिंदुरावांनी त्या सगळ्यांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं. सत्यादादाला कराराचे कागद गाडीत ठेवायला सांगितले, सही करून देतो म्हणाले. त्याने मला लांबूनच खुशीत अंगठा उंचावून दाखवला. मी बॉनेटचा एक कोपरा पुसून घेतला.

"ताई," हिंदुराव खुर्ची जवळ ओढत हळू आवाजात म्हणाले, "ते नानांना तुम्ही काहीतरी सांगितलं होतं म्हणे. शास्त्रातलं."

"पॅडचं सांगितलं होतं, साहेब. सगळ्यात मऊ घ्यायचा. आधी कोपऱ्यात बघायचं. भागत असेल तर पुढे जायचंच नाही."

"नाही नाही, ते राहू द्या."

"त्यातलं तेवढंच महत्त्वाचं आहे, साहेब. बाकीचं ऐकून नानांचं काय झालं, ते बघितलंत ना?"

"नानांना नीट जमलं नाही," ते म्हणाले. त्यांची नजर टपरीवर होती. तिथे लाल टोप्या एकमेकींना टाळ्या देत होत्या. हिंदुराव एकेका टोपीकडे, तिच्याखालच्या चेहऱ्याकडे, सावकाश बघत होते.

"साबण कुठला होता?" त्यांनी विचारलं.